आपोआप लागणारी कडी

पौष लागला की परभणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याला हुरड्याचा वास येतो. गोवऱ्यांची आगटी, तिच्या राखेत खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं, तळहातावर चोळून काढलेले ते हिरवे, गरम, दुधाळ दाणे. परवा दुपारी कॉलेजातून घरी येताना वसमत रोडला एका बांधाशी चारपाच माणसं बसलेली दिसली. एकानं ओळखून हाक मारली, "सर, या की. चार दाणे खाऊन जावा." मी हात वर केला आणि गाडी तशीच पुढं काढली. घरी पोचेपर्यंत तो वास शर्टाला चिकटून आल्यासारखा वाटत राहिला.

लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवाची आंब धरलेली असते, करडई पिवळी व्हायला लागते, तुरीच्या खळ्याची धूळ कोवळ्या उन्हात तरंगत राहते आणि थंडीमुळं माणसं एकमेकांच्या जरा जवळ बसतात. पण चार वर्षांपूर्वीचा पौष माझ्या आत अजून संपलेला नाही. बाहेरचे पौष येतात आणि जातात. आतल्या पौषात एक विहीर आहे, तिच्या काठावर सातआठ माणसं हसत उभी आहेत, आणि त्या हसणाऱ्यांत मीही आहे.

मी भूगोल शिकवतो. कॉलेजात मुलामुलींचा एक गिर्यारोहणाचा गट मी चालवायचो. सहकारी थट्टा करायचे, "सर, परभणीत चढायला आहे काय, पाण्याची टाकी?" त्यांचं खोटं नव्हतं. काळ्या रानात नजर जाईल तिथवर सपाटी. पण जिंतूरच्या बाजूला जमीन हळूहळू उठायला लागते, टेकड्या येतात, आणि त्यांच्या अंगावर दोनतीन पुरुष उंचीचे काळ्या दगडाचे कडे सापडतात. शिकायला तेवढे पुरे होते. दिवाळीनंतर दर रविवारी आम्ही दोर घेऊन तिकडं जायचो.

सोपान मला तिथंच भेटला. बोरीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. दोन रविवार तो खांद्यावर घोंगडं टाकून लांबून आमचं बघत राहिला. तिसऱ्या रविवारी आमचा दोर वर एका खाचेत अडकला. काय करावं म्हणून मी वर बघत उभा होतो, तोवर सोपाननं पायातल्या वहाणा काढल्या आणि जी वाट मी सकाळपासून मुलांना शिकवत होतो त्या वाटेनं, ओठात तंबाखूची चिमूट धरून, तो सहज वर गेला. दोर सोडवून खाली आला आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारं कॅराबिनर त्यानं बोटानं हलवून बघितलं.

"ही कडी कशाला असती, सर?"

"दोर आणि माणूस यांच्या मधे ही एवढीच असते," मी म्हणालो. "ही उघडली की दोर एकीकडं, माणूस एकीकडं."

"मंग हिला कुलूप कामून न्हाई?"

वर्षभर शिकलेल्या एकाही मुलानं मला हा प्रश्न विचारलेला नव्हता. मी पिशवीतून कुलपाचं कॅराबिनर काढलं आणि त्याला दाखवलं. साध्या कडीची झडप नुसती दाबली की उघडते. जिच्यावर जीव टांगायचा, तिच्या झडपेवर एक छोटी नळी असते. नळी पेचासारखी फिरवून घट्ट केली की झडप दाबूनही उघडत नाही. कडीच्या पाठीवर कोरलेले आकडेही मी त्याला समजावले. ही कडी लांबीत केवढा भार घेते, आणि तोच भार आडवा पडला किंवा झडप उघडी राहिली तर तिची ताकद कशी जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यानं ती हातात घेऊन उन्हाकडं धरली आणि बराच वेळ फिरवून बघितली.

"लय हुशारीचं काम हाय," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो मेंढरं भावाच्या हवाली करून आला. त्या हिवाळ्याच्या शेवटी तो माझ्यापेक्षा चांगला चढत होता आणि माझ्यापेक्षा चांगल्या गाठी मारत होता. आमच्यात मैत्री कधी झाली ते सांगता येणार नाही. मी त्याला आधी सोपानराव म्हणायचो, मग सोपान म्हणायला लागलो. तो मला शेवटपर्यंत सरच म्हणाला.

आमच्या भागात कडे थोडे आणि विहिरी अमाप. कित्येकींना कठडा नाही. चुडाव्याकडच्या एका विहिरीत वासरू पडलं, तेव्हा कुणीतरी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला आणि त्यानं मला. मी सोपानला गाडीवर मागं घेतलं. तो खाली उतरला, थरथरणाऱ्या वासराला त्यानं पट्ट्यात बांधलं, गावकऱ्यांनी ओढून घेतलं. वर आलं तेव्हा ते वासरू सोपानचा कान चाटत होतं. त्यानंतर फोन येतच राहिले. शेळ्या, कुत्री, एकदा एक म्हातारा माणूस, जिवंत. मी काठावर राहून दोर बघायचो, तो खाली जायचा. माणसं आम्हाला जेवल्याशिवाय सोडायची नाहीत. परत येताना गाडीवर सोपान काहीतरी गुणगुणायचा. ते दिवस चांगले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. तेवढं तरी कळत होतं.

त्याच्यात एकच खोट होती. तो पेच फिरवायला विसरायचा. लहानपणापासून त्याचे हात दोराला आणि गाठीला सरावलेले. गाठ बांधली की काम झालं, ही त्याच्या बोटांची समजूत. कडी अडकवायची, झडप मिटल्याचा आवाज आला की निघायचं. म्हणून प्रत्येक वेळी काठावरून मी ओरडायचो, "पेच लावला का?"

"लावला की, सर."

"बघ एकदा."

मग खालून त्याचं हसणं यायचं. लावलेला नसायचा.

एकदा बोरीच्या पलीकडं एका विहिरीतून तो तासाभरानं वर आला, तेव्हा मी त्याच्या कमरेकडं बघितलं. कडीची नळी फिरवलेलीच नव्हती. पूर्ण तासभर तो उघड्या कुलपावर टांगून होता. त्या दिवशी विचारायला मीही विसरलो होतो. सोपान म्हणाला, "काय झालं न्हाई ना? मंग सोडा की." मला ते सोडता आलं नाही. रात्रभर डोळ्यांपुढं ती नळी दिसत राहिली.

मी ठरवलं, त्याला आपोआप कुलूप लागणारं कॅराबिनर आणून द्यायचं. तीन आठवडे मी तेच करत होतो. मागवलेल्या पुस्तिका वाचल्या, पुण्याच्या एका जुन्या गिर्यारोहक मित्राशी बोललो. आकार पेरूसारखा हवा, एका टोकाला रुंद, म्हणजे दोराचा मोठा फास नीट बसतो आणि ओल्या हातानं अडकवता येतो. नळी अशी हवी की आधी वर ढकलायची, मग फिरवायची, तेव्हाच झडप उघडेल, आणि बोट काढलं की स्प्रिंगनं स्वतःच मिटून कुलूप लागेल. विसरायला जागाच नाही. मित्र म्हणाला होता, "विहिरीचं काम आहे, माती जाईल. साधा पेच बरा." सोबत आलेल्या कागदावरही बारीक अक्षरात लिहिलं होतं की धूळ आणि चिखलात वापरत असाल तर नळी प्रत्येक वेळी तपासा. मी ती ओळ वाचली होती. पण माझ्या डोक्यात माती नव्हती, सोपानचा विसराळूपणा होता. ज्या धोक्याची भीती वाटते तेवढाच धोका आपल्याला दिसतो.

कडी हातात घेऊन सोपाननं ती दहावीस वेळा उघडून मिटली. प्रत्येक वेळी टिक असा आवाज यायचा. कौसल्या, त्याची बायको, चुलीपाशी बसून बघत होती. ती म्हणाली, "तुमच्या ध्यानात राहत न्हाई म्हनून सरांनी आणली."

"आता सरांचं वरडणं बंद," सोपान म्हणाला. "हिचं हिलाच कळतंय."

आणि खरंच माझं ओरडणं बंद झालं. मी विचारायचं सोडलं आणि त्यानं बघायचं सोडलं. आठनऊ महिने सगळं सुरळीत चाललं.

मग तो पौष. फोन सकाळी आला. बोरीपासून जवळच्या एका शेतात शेळी विहिरीत पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा शेतात हुरड्याची आगटी पेटलेली होती, शेतमालकाकडं पाव्हणे आलेले होते. विहीर जुनी, वर दगडी बांधकाम, खाली मुरूम, आणि चाळीसेक फुटांवर पाण्याच्या वर पायरीसारखा पुढं आलेला दगडाचा एक अरुंद थर. शेळी पोहत पोहत त्या थरावर चढून उभी राहिली होती आणि ओरडत होती. सगळ्यांना तिचं हसू येत होतं. जीव जाईल असं त्या सकाळी कुणाच्या मनात नव्हतं, शेळीचासुद्धा नाही.

मी सामान बाहेर काढलं. कुणीतरी माझ्या डाव्या हातावर गरम हुरडा ओतला. उजव्या हातात सोपानची कडी होती. नळी वर ढकलली, फिरवली, सोडली. ती अर्ध्यावर थांबली. आठवडाभरापूर्वीच्या विहिरीतली काळी माती आत वाळून बसली होती. मी फुंकर मारली, पॅंटला घासली, पुन्हा सोडली. या वेळी टिक झालं. पिशवीत साधं पेचाचं कॅराबिनर पडलेलं होतं, वाकलो असतो तर हाताला लागलं असतं. पण हातात हुरडा होता. मी कडी सोपानला दिली आणि दाणे तोंडात टाकले.

तो व्यवस्थित खाली उतरला. थराच्या पलीकडच्या टोकाला शेळी होती आणि तिथवर त्याचा दोर पुरत नव्हता, म्हणून त्यानं दोर कमरेतून सोडला. कडी दोराच्या टोकाला लटकत चिखलात टेकली. शेळीला त्यानं दुसऱ्या दोरानं बांधलं. आम्ही ती वर ओढली. ती काठावर आली आणि माणसांमधून धडपडत पळाली, पोटाला दोर तसाच गुंडाळलेला. लोक तिच्या मागं धावले, हसले. तो दुसरा दोर सोपानच्या जिवाला आधाराचा होता. शेळीला धरून तो सोडवायला आणि परत खाली टाकायला दोन मिनिटं लागली असती, तेवढं कुणी थांबलं नाही.

सोपाननं चिखलातली कडी पुन्हा कमरेला अडकवली आणि खालून म्हणाला, "ओढा."

मी त्याला काहीच विचारलं नाही. मी म्हणालो, "ओढा रे."

तो काठापासून हातभर खाली होता. मला त्याची टोपी दिसत होती. दगडी बांधकामाच्या बाहेर आलेल्या एका दगडावर त्यानं पाय ठेवला, दोरावरचा भार क्षणभर गेला, कमरेची कडी त्या दगडाच्या कडेवर दाबली गेली. माती भरलेली नळी मिटलीच नव्हती. झडप आत गेली आणि दोराचा फास बाहेर आला. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ओढणारी माणसं एकदम मागं पडली, दोर हलका होऊन वर आला, आणि टोपी दिसेनाशी झाली. सोपान ओरडला नाही. खालून जो आवाज आला तो मी लिहिणार नाही.

थरावर पडला म्हणून तो वाचला, असं सगळे म्हणाले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कमरेच्या खाली आता काही हलणार नाही. कौसल्या दाराशी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर तोंडात धरला. मला तिला काही सांगावं लागलं नाही.

मेंढरं चुलतभावाकडं गेली. सोपानची खाट पुढच्या खोलीत दाराशी लावली, उजेड यावा म्हणून. सकाळी तीच मेंढरं त्या दारावरून जातात, संध्याकाळी परत येतात. तो ती पावलांवरून ओळखतो. "लंगडी मागं राहायलीय," एकदा मला म्हणाला. त्या वेळी कळप वळणापलीकडं होता. नंतर धूळ उडाली आणि सगळ्यात मागून एक मेंढी लंगडत आली.

कॉलेजातला गट मी बंद केला. सामान एका कपाटात ठेवून दिलं. यंदा एक मुलगी स्टाफरूममध्ये आली. तिला उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जायचं होतं. तिनं वहीत दोन चित्रं काढून आणली होती, एक पेचाच्या कडीचं, एक आपोआप लागणाऱ्या कडीचं. "सर, यातलं कोणतं चांगलं?"

उत्तर मला येतं. कुठल्याही पुस्तकात तेच आहे. पेच विसरता येतो, स्प्रिंगमध्ये माती जाते, म्हणून कडी कोणतीही असो, लावल्यावर तिची झडप बोटानं दाबून बघायची. दर वेळी, डोळ्यांनी आणि बोटांनी. एवढं केलं असतं तर सोपान चालत असता. मी तिला हे सगळं सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं आणि "थँक्यू सर" म्हणून गेली. मग माझा तास होता. वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. मुलं वाट बघत होती. त्या दिवशी मी शिकवलं नाही.

असं ज्ञान फार उशिरा कामाला येतं आणि ज्याच्यासाठी हवं होतं त्याच्या कामाला येतच नाही. लोक म्हणतात काळ जाऊ द्या. काळ चार वर्षं गेला. माझ्या हातावरचा तो हुरडा अजून गरम आहे. मी चांगल्या मनानं केलं, असं बायको म्हणते. खरं आहे ते. वाईट मनानं केलं असतं तर निदान माफी मागायला काहीतरी असतं.

सुरुवातीला मी सोपानकडं आठवड्याला जायचो. मग महिन्याला. पौषात मात्र न चुकता. दर वेळी बोलणं एकाच जागी येऊन थांबायचं आणि मग तो म्हणायचा, "सर, तुमचा काय दोष? माझंच चुकलं. मी बघाया पायजे होतं." कौसल्या चहा ठेवायची. मी तो प्यायचो आणि परभणीला यायचो. त्याच्या त्या वाक्यावर मी तीन वर्षं काढली. फुंकर मारल्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं.

गेल्या पौषात सांगितलं. दुपारची वेळ होती. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात अजून दणकट, पांघरुणाखालचे पाय काठ्यांसारखे. मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नळी अर्ध्यावर थांबली होती, पिशवीत दुसरी कडी होती, माझ्या हातात हुरडा होता. सांगताना मला रडू आलं.

सोपान दाराबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मला ठाव हाय, सर."

"काय?"

"तुमी फुंकर मारलेली मी बघितली व्हती. म्हनलं, सरांनी बघितलंय, झालं."

त्यानं हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. मेंढरू थोपटावं तसं तो मला थोपटत राहिला. मी जास्तच रडलो. कौसल्या आत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"सर," तो म्हणाला, "एक सांगू का? राग धरू नका."

"सांग."

"तुमी येता तवा मला तुमची समजूत काढावी लागती. तीन वर्सं काढली. तुमी जाता, मंग चार दिस मला अन्न गोड लागत न्हाई. कौसी म्हनती सरांना सांगा, पण माझ्या तोंडून निघंना." तो थांबला. त्याला धाप लागली होती. "माझं मलाच लय झालंय, सर. तुमचं उचलायला आता माझ्यात बळ न्हाई. तुमी येऊ नका."

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी मऊपणानं म्हणाला. विहिरीच्या थरावरून थरथरत्या जनावराशी बोलायचा, तसाच.

मी उठलो. कपडे झाडले. कौसल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, डोळे खाली. काहीतरी म्हणायला हवं होतं. आपल्याकडं कुणाच्या घरून निघताना माणूस येतो म्हणतो, आणि घरातले या म्हणतात. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. मी सोपानकडं बघितलं. तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता.

"जातो," मी म्हणालो.

"व्हय," सोपान म्हणाला.